दमली असेल बिचारी

गाडीच्या डॅशबोर्डवरचा तो दिवा एवढासाच होता. नखाएवढा, नारिंगी, इंजिनाच्या चित्राचा. पण ड्रायव्हरकाकांच्या घरात त्याने जेवढी भांडणं लावली, तेवढी एखाद्या भाऊबंदकीलाही लावता आली नसती.

ड्रायव्हरकाकांना ड्रायव्हरकाका म्हणत, कारण उभा जन्म त्यांनी बस चालवली होती. लोकांना ऑफिसात पोहोचवलं, बाजारात पोहोचवलं, लग्नाला आणि मयतालाही पोहोचवलं. फक्त काकूंना कुठे न्यायचं राहून गेलं. सुट्टीच्या दिवशी काकूंनी ‘कुठेतरी जाऊया’ म्हटलं, की काका ‘आज स्टिअरिंगचं तोंडसुद्धा बघणार नाही’ म्हणून कूस बदलत. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी एक जुनी डिझेल गाडी घेतली आणि छाती पुढे काढून जाहीर केलं, “आता तू म्हणशील तिथे.” त्याला वर्ष व्हायच्या आतच काकूंच्या किडन्यांनी हात वर केले. मग काकू म्हणतील तिथे नाही, डॉक्टर म्हणतील तिथे गाडी जायला लागली. घर ते डायलिसिस सेंटर, सेंटर ते घर, दिवसाआड. मधे एक चढ आणि दोन सिग्नल. संपला प्रवास.

पण त्या टीचभर प्रवासाचा काकांना कोण अभिमान! गाडी पुसून, पुढची सीट आणखी पुढे सरकवून, काकूंच्या पाठीला उशी लावून ते निघायचे, जणू राणीसाहेबांची स्वारीच. आता बायकोसाठी करता येण्यासारखं त्यांच्या हातात दुसरं काही उरलेलं नव्हतं, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

तो दिवा लागल्यापासून गाडी अधूनमधून रुसायची. एक दिवस ऐन चढावर तिने अंगच टाकलं. ॲक्सिलरेटर पार जमिनीला टेकवला तरी ती मुंगीच्या पावलाने चालली, मागे गाड्यांची रांग लागली, आणि काकू मागच्या सीटवर दार धरून बसल्या. त्या दिवशी त्या सेंटरवर इतक्या उशिरा पोहोचल्या, की त्यांचं मशीन दुसऱ्या पेशंटला दिलेलं होतं. संध्याकाळी लेक आली. ती वडिलांवरच गेलेली, त्यामुळे आवाज न चढवता बोलणं तिला जमायचं नाही.

“बाबा, आणखी एकदा जरी असं झालं ना, तर ही गाडी विकून टाकायची. आईला मी भाड्याच्या गाडीने पाठवीन.”

“मी मेलोय का?”

“तुम्ही नाही, पण गाडी मेलीय. आणि डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? एवढं डायलिसिस चालू आहे तरी रक्तातला कचरा उतरत नाहीये. पुढचा रिपोर्ट असाच आला तर आईला ॲडमिट करायचंय. त्यात एकही दिवस चुकून चालणार नाही.”

काकूंचा चेहरा सुजलेला होता, पायऱ्या चढताना धाप लागत होती, आणि रिपोर्ट हातात घेतला की डॉक्टर नुसती मान हलवत. या दुखण्यावर काकांचा इलाज नव्हता. गाडीवर तरी असायला हवा होता.

मग सुरू झाली मेकॅनिकांची परिक्रमा. पहिल्याने एक सेन्सर बदलला. दुसऱ्याने टाकीत बाटलीभर औषध ओतलं आणि ‘आता बघा कशी पळते’ म्हणून पाठीवर थाप मारली. पाठ काकांची होती, गाडीला काहीच वाटलं नाही. तिसऱ्याने लॅपटॉप जोडून दिवा घालवून दाखवला. काका खूश होऊन निघाले, आणि गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतात तोच दिवा पुन्हा हजर. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय! तिघांनीही गाडी स्वतः चालवून पाहिली होती. मोकळ्या रस्त्यावर पाच मिनिटं दामटली होती आणि सांगितलं होतं, “गाडीत काही दोष नाही, काका.” दोष नाही, तर मग दिवा काय शोभेला लावलाय?

शेवटी टायरवाल्यांच्या रांगेमागे, पत्र्याच्या शेडमधे काम करणाऱ्या एका मेकॅनिक बाईंचं नाव कुणीतरी सुचवलं. बाई पन्नाशीच्या. केसांना फडकं बांधलेलं, चष्मा कपाळावर, आणि बोलणं असं की दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा खर्ची घालायचा नाही. त्यांचं एक खूळ सगळ्यांना माहीत होतं. गिऱ्हाइकाच्या गाडीच्या स्टिअरिंगला त्या हात लावत नसत.

काका काकूंना घेऊनच गेले, घरी एकटीला कुणाच्या भरवशावर ठेवणार? बाईंनी बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी बाहेर काढली, पुसली, परत बुडवली आणि उजेडात धरली. मग चष्मा डोळ्यांवर ओढला.

“ऑइल कुणी भरलं?”

“कुणीच नाही. माझी गाडी ऑइल पीत नाही, बाई,” काका ऐटीत म्हणाले. “उलट दर वेळी पट्टी बघतो तर थोडं वाढलेलंच असतं.”

“वाढलेलं?”

“हो. मीही हिला म्हटलं, कुणी आपल्या नकळत येऊन भरून जातं की काय.”

मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, “गाडीवर कुणाची कृपा असली तर असू दे. माणसांवर कुठे दिसत नाही.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळला आणि हुंगला. “डिझेल उतरलंय यात,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग हातात टॅबलेटसारखा स्कॅनर घेऊन, त्याची वायर स्टिअरिंगखाली जोडून त्या शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. “चला. दिवसाआड जाता तसंच जायचं. मी गाडीत नाही असं समजा.”

“तुम्ही नाही चालवणार?”

“मी चालवली तर माझी गाडी कळेल. मला तुमची बघायचीय.”

काका निघाले. चढ, सिग्नल, सेंटरचं फाटक, तिथून परत. बाई रस्त्याकडे बघत नव्हत्या, काकांच्या हातापायांकडे बघत होत्या. परवाना काढायच्या परीक्षेतही ते एवढे घाबरले नव्हते. परत शेडपाशी आले तेव्हा गाडी जागच्या जागी जरा घुमायला लागली, पुढचा पंखा जोरात सुटला, आणि लोखंड तापल्यासारखा वास आला. काकांनी लगेच किल्ली फिरवली. गाडी गप्प झाली. त्यांनी डॅशबोर्डवर हलकेच थोपटलं.

“दमली असेल बिचारी,” ते म्हणाले.

बाईंनी हळूच मान वळवली. “आत्ता काय केलंत?”

“बंद केली.”

“का?”

“धापा टाकत होती की! बसवर आम्हाला पहिला धडा हाच होता. इंजिन तापलं, घरघर बदलली, की आधी बंद करायचं, विश्रांती द्यायची, मग बाकीचं. त्या सवयीपायी माझं एकही इंजिन कधी जळलं नाही.”

“प्रत्येक वेळी असंच करता?”

“प्रत्येक वेळी. तिने धाप टाकली, की माझा हात किल्लीवर.”

बाईंनी स्कॅनर काकांपुढे धरला. “पंखा सुटायच्या आधीच तुमचा हात निघाला होता. यावर त्याची खूण नंतर उमटली. तुम्हाला कळलं कसं?”

“आवाज जड होतो ना जरासा. भरल्या घशाने बोलल्यासारखा.”

“मला नाही ऐकू आला,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, चक्क नवल होतं. “इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण हे मला यंत्राशिवाय कळत नाही. तुम्हाला बरोबर तोच क्षण ऐकू येतो, काका. आणि बरोबर त्याच क्षणी तुम्ही तिचा गळा दाबता.”

काकांचा चेहरा पडला.

“ती दमली नव्हती,” बाई म्हणाल्या. “ती कामाला लागली होती.”

आणि मग त्या दोन शब्दांच्या बाईंनी सगळं समजावून सांगितलं. डिझेलच्या धुरात काजळी असते. ती बाहेर सोडायची नाही म्हणून गाडीच्या पोटाखाली एक गाळणी बसवलेली असते, काजळी तिच्यात साठत जाते. गाळणी भरत आली की गाडीला आपलं आपण कळतं. कुणी सांगायची गरज नसते. ती जास्तीचं डिझेल सोडते, गाळणी निखाऱ्यासारखी तापवते आणि आतली काजळी जाळून टाकते. लांबच्या रस्त्यावर हे काम पुरं होतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. पण काकांचा रस्ता एवढासा. गाडी बिचारी घर जवळ आलं की कशीबशी सुरुवात करायची, आणि काका मायेपोटी किल्ली फिरवायचे. न जळलेलं डिझेल ऑइलमधे उतरायचं. काजळी होती तिथेच राहायची. पुढच्या वेळी पुन्हा सुरुवात, पुन्हा किल्ली. गाळणी तुंबत गेली, म्हणून दिवा लागायचा आणि चढावर दम कोंडायचा.

“हे बघा. सुरू किती वेळा केलं, ते इथे दिसतं. आणि पुरं किती वेळा झालं, ते इथे.”

दुसऱ्या रकान्यात शून्य होतं. काका त्या शून्याकडे बघतच राहिले.

बाईंनी जुनं ऑइल काढून नवं भरलं आणि पुन्हा शेजारी येऊन बसल्या. “अजून वेळ गेलेली नाही. गाळणी वाचेल. गावाबाहेर काढा गाडी, आणि मी सांगेपर्यंत थांबायचं नाही.”

“पण हिला घरी…” काका म्हणाले.

“घर कुठे पळून जातंय?” काकू म्हणाल्या. “मी येणार.”

गाव मागे पडलं. रस्ता सरळ आणि मोकळा झाला, दोन्ही बाजूंना नुसती शेतं. आवाज जड झाला आणि काकांनी श्वास रोखला. त्यांचा उजवा हात आपोआप किल्लीकडे निघाला. जित्याची खोड ती! बाईंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. हात परत स्टिअरिंगवर आला.

स्कॅनरवर आकडा चढायला लागला. तीनशे, चारशे, पाचशे. बाई एकेक आकडा हळू आवाजात वाचत होत्या. सहाशेच्या घरात तो स्थिरावला.

“सहाशे कसले?” काकूंनी विचारलं.

“अंश. शिसं पाण्यासारखं वितळेल, काकू, एवढी आग आहे आत्ता आपल्या खाली.”

काकूंनी पाय वर घेतले. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं आणि त्यांनी ते पुन्हा खाली टेकवले. गाडीत सगळं होतं तसंच होतं. खिडकीतून वारा येत होता, उशी जागेवर होती, चाकं गरगरत होती. बुडाखाली भट्टी पेटली होती आणि तिची धगसुद्धा वर येत नव्हती. स्कॅनरवर काजळीचा आकडा उतरत होता. आधी कणाकणाने, मग भराभरा.

काकांच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यांनी आयुष्यभर इंजिनं हाकली होती. त्यांच्या बसचा काळा लोट मागून चालणाऱ्या पोराबाळांच्या तोंडावर जायचा. ते आरशात बघायचे आणि वाटायचं, यंत्र म्हटलं की घाण आलीच. आणि ही गाडी आपला धूर आपणच गिळत होती, आपणच जाळत होती, तेही माणसांना मांडीवर घेऊन, रस्त्याने धावता धावता. कुणी हे योजलं असेल? कुठल्या खोलीत बसून, कुणाच्या डोक्यातून हे निघालं असेल? त्या माणसाला वाकून नमस्कार करावा असं त्यांना वाटलं, आणि तसं ते बोललेही.

“मला तर दर वेळी वाटतं,” बाई स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाल्या. “रोज बघते, तरी वाटतं.”

“बाई, पण तिला त्रास नाही ना होत?” काकांनी विचारलं. एवढं बघूनही त्यांचा जीव तुटत होताच.

मागून काकू हसल्या. “यांचं असंच आहे हो. कुणाला जरा धाप लागलेली बघवत नाही. तिथे मशीनवर माझ्या पायात गोळे येतात, मी जरा कण्हले की हे दार ढकलून आत. सिस्टरला म्हणतात, बास झालं, दमली ती, काढा आता. सिस्टर बिचारी काढते. दर वेळी घरी लवकर.”

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

आपण काय बोलून गेलो ते काकूंना कळलं नव्हतं. त्या आपल्या शेतांकडे बघत होत्या. पण काकांच्या हातांना कळलं. स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं असं नाही. सिस्टरनेही सांगितलं होतं, ‘काका, वेळ पुरी होऊ द्या.’ काकांनी ऐकलंही होतं, ड्रायव्हर प्रवाशाची तक्रार ऐकतो तसं. सुया काय डॉक्टरांना टोचतात? ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं म्हणून ते तिला हाताला धरून बाहेर आणायचे. आणि गाडीत बसवताना मनातून वाटायचं, आज आपण हिला वाचवलं.

कचरा उतरत नाहीये, डॉक्टर म्हणत होते. कसा उतरणार?

“झालं,” बाई म्हणाल्या. “पुरं झालं, काका.”

काकांनी गाडी बाजूला घेतली, पण बंद केली नाही. दार उघडून ते खाली उतरले आणि गाडीला पाठ टेकून थोडा वेळ उभे राहिले. बाईंना वाटलं, आनंदाने डोळे भरून आलेत. तसं वाटू दिलेलं बरं.

बाईंनी स्कॅनरने दिवा घालवला, आणि तो पुन्हा लागला नाही. ‘पंधरा दिवसांतून एकदा लांब न्या, तिलाही आणि काकूंनाही,’ एवढं सांगून त्या दुसऱ्या गाडीकडे वळल्या.

पुढच्या डायलिसिसला काका बाहेरच्या बाकावर बसले नाहीत. काकूंच्या पलंगाजवळ स्टूल ओढून बसले. इतके महिने ते इथे येत होते, पण त्यांनी बघितला होता तो फक्त काकूंचा चेहरा, मशीनकडे कधी नजर टाकली नव्हती. आज टाकली. काकूंच्या हातातून रक्त एका नळीने बाहेर निघत होतं, पारदर्शक नळकांड्यातल्या केसाएवढ्या हजारो तंतूंमधून जात होतं आणि दुसऱ्या नळीने पुन्हा काकूंच्या अंगात परतत होतं. सबंध रक्त, पुन्हा पुन्हा. माणसाचं रक्त बाहेर काढून, धुऊन, त्याला परत देतात, आणि तो माणूस तिथेच पडून छताकडे बघत असतो! काका तोंड उघडं टाकून बघत राहिले. हात जोडावेसे वाटले, पण शेजारच्या पलंगावरचा माणूस बघत होता.

तासामागून तास गेले. मग काकूंच्या पोटरीत गोळा आला.

“अहो,” त्या म्हणाल्या. “बास आता. सांगा ना सिस्टरला.”

सिस्टरला सवयच झालेली. तिने वही बाजूला ठेवली आणि मशीनकडे आली.

बायकोला काकांनी जन्मभर बऱ्याच गोष्टी दिल्या नव्हत्या, पण दुखत असताना ‘नाही’ कधी म्हटलं नव्हतं.

“नाही,” ते म्हणाले. “चालू राहू दे.”

“अहो, दुखतंय मला!”

“दुखू दे.”

काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की काकांना तिथून पळून जावंसं वाटलं. ते पळाले नाहीत. सिस्टरने मशीनचा वेग थोडा कमी केला आणि गोळा कसा मोडायचा ते दाखवलं. काकांनी पाऊल दोन्ही हातांत धरलं, बोटं वर वळवली आणि पोटरी चोळायला लागले.

“जन्मभर कुठे नेलं नाहीत,” काकू दात ओठ खात म्हणाल्या, “आणि आता उठायचं म्हणते तर उठूही देत नाही.”

“हो,” काका म्हणाले आणि चोळत राहिले. त्यांचे डोळे वाहत होते, ते पुसायला हात मोकळे नव्हते. मशीनने शेवटची शिटी दिली तेव्हा सिस्टर नुसतीच त्यांच्याकडे बघून हसली. काकू घरी पोहोचेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या वेळीही नाही. त्यानंतर मात्र त्यांनी स्वतःच सिस्टरला विचारायला सुरुवात केली, अजून किती राहिलं म्हणून, आणि उत्तर ऐकून डोळे मिटून पडून राहायला लागल्या.

एके दिवशी परत येताना गाडी भर चौकात सिग्नलला उभी होती. दिवा हिरवा झाला आणि मागून काकू म्हणाल्या, “अहो, मला भूक लागलीय.”

रक्तात कचरा साठायला लागल्यापासून, कित्येक महिन्यांत, काकांनी हे वाक्य ऐकलं नव्हतं. ताट पुढे करायचं, विनवण्या करायच्या, दोन घास ढकलायचे आणि बाकीचं झाकून ठेवायचं, असंच चाललं होतं. त्यांचा पाय क्लचवरून सुटला. गाडीने एक गचका खाल्ला आणि ती बंद पडली. आख्खी हयात बस चालवलेल्या माणसाची गाडी, हिरव्या सिग्नलला, पहिल्या गिअरमधे. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ उठला.

“काय म्हणालीस?”

“भूक लागलीय म्हटलं. आणि चालवा की आता, लोक शिव्या देतायत!”

काकांनी किल्लीला हात घातला. पहिल्यांदा ती पुरती फिरलीच नाही, गाडी दुसऱ्या खेपेला चालू झाली.